ऑक्सिजन कोणी वाढवला?

“ब्रदर, लय उपकार झाले तुमचे. झोपले एकदाचे हे,” पंचफुलाबाई म्हणाली. तिने थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यात ओतला आणि माझ्यासमोर धरला.

मी उभ्या उभ्याच तो प्यायलो. सकाळपासूनचा तो पहिला चहा. समोरच्या बेडवर तिचा नवरा देवराव पडला होता. थोड्या वेळापूर्वी हाच माणूस नाकातली नळी ओढून फेकत होता, बेडच्या कठड्यावर लाथा मारत होता, शेजारच्या पेशंटला “माझा ट्रक कुठं लावला बे?” म्हणून विचारत होता. आता तोंड किंचित उघडं, चेहऱ्यावर लाली, कपाळावर घाम. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा सत्याण्णव. मी त्याचा हात धरून पाहिला. गरम होता. थंड हात वाईट, गरम हात चांगला, असा हिशेब करून मी पुढच्या बेडकडे गेलो.

तो झोपला नव्हता. तो बेशुद्धीच्या वाटेवर होता, आणि त्या वाटेला त्याला मी लावलं होतं.

मी नर्स आहे. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात. तेव्हा मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात होतो. आता एका नर्सिंग कॉलेजात शिकवतो. वर्गात मी ही केस दरवर्षी सांगतो, पण ‘एका वॉर्डात एकदा असं झालं’ एवढंच म्हणतो. त्या एका वॉर्डात ड्युटीवर कोण होतं ते सांगत नाही. इथे सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. डॉक्टरांचं डायग्नोसिस म्हणजे आजाराचं नाव. देवरावचं होतं सीओपीडी. फुप्फुसांचा जुना, चिवट आजार. श्वासनळ्या आकसलेल्या, कफाने भरलेल्या. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. देवरावने आयुष्यभर ट्रक चालवला होता आणि ट्रक चालू असेपर्यंत बिडी चालू असायची. हे झालं डॉक्टरांचं. नर्सिंग डायग्नोसिस वेगळं असतं. या आजारामुळे या माणसाला या घडीला काय होतं आहे, ते कशामुळे, आणि त्यात नर्सने आपल्या हाताने काय करायचं, एवढं त्यात यावं लागतं. कफ घट्ट झाल्यामुळे श्वासमार्ग मोकळा नाही, हे एक. रक्तातल्या वायूंची देवाणघेवाण बिघडली आहे, हे दुसरं. धाप लागत असल्यामुळे चार पावलं चालणं झेपत नाही, हे तिसरं. घाबरला आहे, हेसुद्धा एक. त्याला आम्ही अँक्झायटी म्हणतो.

अँक्झायटी लिहायला सगळ्यात सोपं. कारण दवाखान्यात कोण घाबरलेलं नसतं? आणि त्यावर उपाय काय लिहायचा, तर ‘पेशंटला धीर दिला.’ धीर दिला की नाही हे तपासायला कोणी येत नाही.

त्या सकाळी देवराव मला म्हणाला होता, “डोस्कं ठणकून राहिलं ब्रदर. उठल्यापासून.” मी म्हणालो, “रात्री झोप नाही ना झाली, म्हणून.” नंतर तो चिडचिड करू लागला, असंबद्ध बोलू लागला. मी मनात ठरवून टाकलं, आणि कागदावरही तसंच लिहिलं. अँक्झायटी. सीओपीडीच्या पेशंटचं सकाळी डोकं दुखणं आणि त्याचं असं अस्वस्थ होणं म्हणजे काय, हे मला शाळकरी पोराला पाढे यावेत तसं येत होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं. पण मी परीक्षेला बसलो नव्हतो, मी डबल ड्युटीवर होतो. एक सहकारी आखातात नोकरी लागली म्हणून सोडून गेला होता, दुसरीच्या पोराला ताप होता. दिवाळी तोंडावर आली होती आणि वॉर्ड थंडीच्या पेशंटांनी भरला होता. नागपूरची थंडी पडली की कोराडी-कळमेश्वरकडचे सगळे खोकणारे म्हातारे जणू ठरवून एकाच आठवड्यात धंतोलीत येतात. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं ते सांगतो.

आता आदल्या दिवसाची गोष्ट.

बेडच्या मागे भिंतीवर ऑक्सिजनचा नॉब असतो. त्याला काचेची नळी, नळीत एक छोटी गोळी. नॉब फिरवला की गोळी वर चढते, ती ज्या आकड्यासमोर थांबेल तेवढे लिटर ऑक्सिजन चालू. देवरावला दोन लिटर सांगितले होते. आमच्याकडे नातेवाइकांना हा नॉब दिसला की राहवत नाही. सलाइन जोरात, ऑक्सिजन जोरात, म्हणजे इलाज जोरात. आदल्या दिवशी पंचफुलाबाईने गोळी पाचवर नेऊन ठेवली होती. मी लगेच पाहिलं आणि खाली आणली.

“काकू, ही काय तुमच्या घरची शेगडी आहे? आच मोठी केली की लवकर शिजेल?” मी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोललो.

वॉर्ड हसला. देवरावही हसला, आणि हसता हसता खोकला. “हिले काय समजते ब्रदर,” तो म्हणाला, “हिनं घरी गॅसचं बटन फिरवलं का तिकडं टाकी संपते.”

ती ओशाळली. “कमी चालू हाये वाटलं मले,” एवढंच म्हणाली. पुढे दिवसभर त्या भिंतीकडे तिने पाठ केली होती. पण तो नॉब का फिरवायचा नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं. टोमणा मारला होता, समजावलं नव्हतं. समजवायला वेळ लागतो.

तर त्या दुपारी देवराव लाथा मारू लागला. मी धावत गेलो. तो उशीवरून घसरून खाली आला होता, हनुवटी छातीला टेकलेली. घशात कफ खरखरत होता. आकडा एकोणनव्वद. या आजारात एकोणनव्वद चालतो, खरं तर तेवढाच हवा असतो. करायचं काय होतं, तर त्याला उठवून ताठ बसवायचं, पुढ्यात टेबल घेऊन त्यावर उशी ठेवायची, त्याचे कोपर तिच्यावर टेकवायचे. वाफ द्यायची. पाठीवर थापट्या मारून खोकायला लावायचं. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला लावायचा. आणि तो असंबद्ध का बोलतोय म्हणून डॉक्टरांना फोन करायचा. म्हणजे त्या एका बेडजवळ थांबायचं. पलीकडे एक सलाइन संपत आलं होतं, इमर्जन्सीतून नवा पेशंट वर येतो म्हणून फोन येऊन गेला होता.

“ब्रदर, पाहा ना कसे करून राहिले,” पंचफुलाबाई रडकुंडीला आली होती. “मले तं हात लावाले मना केलं तुमी. तुमीच वाढवून द्या ना थोडासाक. जीव घाबरून राहिला त्याहिचा.”

“काकू, वाढवून काही होत नाही.”

“थोडासाक, ब्रदर. पाया पडतो तुमच्या.”

आणि मी नॉब फिरवला. गोळी पाचवर गेली. मनात म्हटलं, थोड्या वेळाने खाली आणू. आकडा चढला, देवराव हळूहळू शांत झाला. वॉर्डाने सुस्कारा सोडला. तिने चहा दिला. मग नवा पेशंट आला. आणि मी विसरलो.

जास्त ऑक्सिजनने वाईट काय होतं, हे लोक नेहमी विचारतात. ज्यांची फुप्फुसं वर्षानुवर्षं खराब आहेत त्यांच्यातल्या काहींच्या अंगात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला असतो. तो बाहेर टाकायची सोय शरीराने कशीबशी जमवून ठेवलेली असते. वरून भरमसाट ऑक्सिजन दिला की ती जमवाजमव मोडते आणि तो वायू आणखी साठतो. तो चढतो दारूसारखा. आधी डोकं दुखतं, माणूस चिडतो, बरळतो. अंग गरम, चेहरा लाल. मग तो शांत होतो. आणि मॉनिटर आपला ऑक्सिजनच मोजत असतो, त्यामुळे आकडा छान दिसतो. इंगळे सिस्टर आमच्या इन-चार्ज. त्या दुपारी मॉनिटर पाहत पुढे गेल्या आणि जाताना मला म्हणाल्या, “अरे वा, सत्याण्णव! देवराव तर पहिला नंबर काढणार आज.”

संध्याकाळी सर राउंडला आले. सर म्हणजे आमचे छातीचे डॉक्टर. हळू बोलणारे. पेशंटच्या आधी मॉनिटर पाहायची सवय त्यांना नव्हती.

“देवराव,” त्यांनी हाक मारली. “ओ देवराव!” खांदा हलवला. छातीच्या हाडावर मुठीने घासलं. देवरावने नुसतं ‘हूं’ केलं. मग सरांनी भिंतीकडे पाहिलं.

“पाच? ऑक्सिजन कोणी वाढवला?”

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतो. तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं. सर ओरडले असते. तोंड उघडलं नाही.

“ती बाई, सर,” इंगळे सिस्टर म्हणाल्या. “कालही हिनेच वाढवला होता. ब्रदरनी रागावलं होतं तिला. ऐकत नाहीत हो हे लोक.”

सगळे तिच्याकडे वळले. तिने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, सांगता येणार नाही. फार नसेल. मी देवरावच्या सलाइनकडे पाहायला लागलो. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

“हो,” पंचफुलाबाई म्हणाली. “मीच वाढवला असन.”

पुढचं भराभर झालं. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन तपासायला गेलं. त्यात कार्बन डायऑक्साइड भरमसाट निघाला. ऑक्सिजन मापात आणला, चेहऱ्यावर घट्ट मास्क बांधून बायपॅप लावलं. बायपॅप म्हणजे श्वास आत ढकलायला आणि बाहेर यायला मदत करणारं मशीन. नशीब बलवत्तर, नळी घशात घालायची वेळ आली नाही. त्या रात्री मी घरी गेलो नाही. इंगळे सिस्टर म्हणाल्या, “जा रे, दोन ड्युट्या झाल्या तुझ्या.” मी म्हणालो, “असू द्या.” त्यांना वाटलं, केवढा हा कर्तव्यदक्ष.

देवराव शुद्धीवर आला आणि वॉर्डाने त्याला सगळी बातमी दिली. वॉर्डात गोष्टी लपून राहत नाहीत. त्याने मास्क बाजूला करून पहिलं वाक्य बायकोला ऐकवलं. “का वं, मारून टाकत होती का मले?” त्याचा मुलगा विलास कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामाला. तो सुट्टी टाकून आला. तो आईवर ओरडला नाही. त्याने फक्त तिच्या हातातला पास काढून घेतला. हॉस्पिटलात एका पेशंटजवळ एकच नातेवाईक, आणि ज्याच्याकडे पास तोच वर.

“तू घरी जाय आई,” तो म्हणाला. “मी आहो.”

डिस्चार्जच्या दिवशी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायचं ठरलं. मी विलासला कसं वापरायचं ते शिकवलं. बोलता बोलता तो म्हणाला, “आईले त्या खोलीतच जाऊ देत नाही मी, बिनधास्त राहा.” मी बिनधास्त राहिलो, असं म्हणायला हवं. राहिलो नाही. पण काही केलंही नाही. मध्ये संक्रांत गेली. मी ड्युट्या केल्या.

थंडी सरता सरता देवराव परत आला. आता आणखी वाळलेला. जवळ विलास आणि त्याचा काका, आळीपाळीने. पंचफुलाबाई दिसेना. मला वाटलं घरी असेल.

दुपारी खाली औषधाच्या दुकानात गेलो, तर दुकानाबाजूच्या पायरीवर ती बसली होती. मांडीवर डबा.

“काकू? इथे काहून बसल्या?”

“डबा आणला. विलास येते खाली, घेऊन जाते वर.” मग थोड्या वेळाने, “कसे हायेत हे? खोकला सुटते का बाहेर?”

तिने विचारलेला प्रश्न नर्सचा होता. ‘बरे आहेत का’ असं तिने विचारलं नाही. खोकला सुटतो का, विचारलं. मी तिच्या शेजारी बसलो. पायरीवर ऊन होतं, समोर रिक्षांचा गोंगाट.

“काकू, त्या दिवशी ऑक्सिजन मी वाढवला होता.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला आज वार कोणता ते सांगितलंय.

“मले माहीत नाही का? मी तिथंच तं होती.”

“मग बोलल्या काहून नाही?”

“तुमचं नाव घेतलं असतं, अन् तुमी रागावले असते, तं रातभर त्याहिले कोन पाहत होतं?” तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. “माह्या नवऱ्याचा जीव तुमच्या हातात होता, ब्रदर. ज्याच्या हातात जीव, त्याच्या तोंडाले लागत नाही मानूस.”

ती पुढे बोलली, आवाज न चढवता.

“दिवाळीपासून त्याहिची खाट विलासच्या खोलीत. सून ताट नेते. मी दारात उभी राहतो. हे मले पाहून तोंड फिरवते. जाऊबाई गावभर सांगते, नळी फिरवली म्हनून. फिरवली ना मी. आदल्या दिवशी फिरवली, तुमीच रागावले मले. मंग मले बी कधी कधी वाटते, मीच फिरवली असन दुसऱ्यांदा बी.”

“मी माफी मागतो, काकू.”

“मले नका सांगू,” ती म्हणाली. “वर सांगा.”

मी वर गेलो. विलास कॉरिडॉरमध्ये मोबाइलवर बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी थांबलो, आणि त्या थांबण्यात पुन्हा कच खाल्ली.

“विलासभाऊ,” मी म्हणालो, “आईंना वर येऊ द्या. मागच्या वेळचं तसं काही… म्हणजे त्यांचीच चूक होती असं नाही. कधी कधी नॉब सैल असतो. आपोआपही सरकतो.”

नॉब आपोआप सरकत नाही.

विलासने माझा हात हातात घेतला. “ब्रदर, तुमी चांगले मानूस आहा म्हनून तिची बाजू घेऊन राहिले. मागच्या वेळी रातभर थांबले होते तुमी, बाबा अजून नाव काढते तुमचं. पण तिले नाही समजत भाऊ. राहू द्या तिले खाली.”

हे बोलणं शिवी असतं तर बरं झालं असतं. मी जरा वेळ ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. खाली ती डबा घेऊन बसलेली होती आणि मी तिच्या जिवावर माझा चांगुलपणा वाढवून आलो होतो.

परत गेलो. या वेळी इंगळे सिस्टरना सोबत घेतलं. “या जरा, एक बोलायचं आहे, तुमच्यासमोरच बोलायचं आहे,” म्हणालो. साक्षीदार असला की माणूस माघार घेत नाही.

“विलासभाऊ, मघाशी मी खोटं बोललो. नॉब सैल नव्हता. त्या दुपारी तुमचे बाबा फार दंगा करत होते. मी स्वतः ऑक्सिजन पाचवर नेला आणि खाली आणायला विसरलो. आईंनी हात लावला नव्हता. सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, आणि त्यांनी स्वतःवर घेतलं.”

विलासचे कान लाल झाले. मला वाटलं, मारतो आता. मारलं असतं तर चाललं असतं. पण त्याने खिशातून पास काढला, एकदा पाहिला आणि जिना उतरायला लागला. लिफ्ट रिकामी उभी होती, तरी.

इंगळे सिस्टर म्हणाल्या, “म्हणजे त्या बाईचं नाव मी घेतलं, ते…”

“हो सिस्टर.”

“माझ्या तोंडून वदवून घेतलंस तू.” त्या पुढचे कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. त्यांचं बरोबर होतं.

पंचफुलाबाई वर आली. बेडजवळ गेली, पण भिंतीच्या बाजूला नाही, पायाशी उभी राहिली. देवराव मास्कआड जागा होता. घशात तोच खरखराट. या वेळी मी टेबल ओढलं, उशी ठेवली. त्याला ताठ बसवलं, कोपर टेकवले. वाफ दिली. पंचफुलाबाईचा हात धरून तिच्या बोटांचा द्रोण केला आणि तिला त्याच्या पाठीवर थापट्या मारायला शिकवलं. “खालून वर, काकू. कण्यावर नाही, बाजूला. हं, असंच.” तिचा हात आधी अलगद, चुकत पडत होता. मग बसला. देवराव खोकला, आणि घट्ट, पिवळा गोळा बाहेर आला. त्याने मोठा श्वास टाकला. या सगळ्याला लागला तेवढा वेळ मला त्या दुपारी काढता आला असता. पलीकडचं सलाइन संपलं असतं तर बाटली बदलायला कोणालाही हाक मारता आली असती.

मग मी देवरावला सांगितलं. तीच वाक्यं, तिसऱ्यांदा. तोंडाला सवय झाली होती.

तो ऐकत राहिला. बोलायला त्याला दम लागत होता, एकेका शब्दानंतर थांबत होता.

“दिवाळीपासून… हिले शिव्या देल्या म्या,” तो म्हणाला. “रोज. त्या तुमच्या होत्या… ब्रदर. घ्या आता वापस.”

“घेतो,” मी म्हणालो.

“लय हायेत… पिशवी आणा.”

पंचफुलाबाई तोंडाला पदर लावून हसली. आधी मला हसणं वाटलं, मग कळलं की दोन्ही आहे. देवरावने तिच्याकडे पाहिलं नाही, पण हात तिच्या बाजूला, चादरीवर ठेवला. “हो वं,” म्हणाला. “बस ना. उभी काहून हायेस?”

सरांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. “त्या दिवशी सांगितलं असतं,” ते म्हणाले, “तर मी ओरडलो असतो आणि दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. आता मी ओरडणारही नाही आणि विसरणारही नाही.” मॅनेजमेंटकडून मेमो मिळाला. वॉर्ड बदलला. नोकरी गेली नाही. ती मी नंतर स्वतःहून सोडली आणि शिकवायला लागलो. लोकांना वाटतं मला शिकवण्याची आवड होती.

देवराव त्या वेळी घरी गेला. जाण्याआधी पंचफुलाबाईने मला गाठलं. “मशीनचं मले शिकवा. विलासले नाही, मले. काहून फिरवायचं नाही ते बी सांगा.” मी सांगितलं. नीट, सावकाश, तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नासकट. झोप आणि गुंगी यात फरक कसा ओळखायचा, तेही. “हाक मारली आणि शिवी दिली तर झोप. हाक मारून नुसतं हूं केलं तर गाडी करा.” मशीनच्या दोनच्या आकड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून द्यायचा ठरला. तो तिने स्वतः दाताने तोडून लावला.

पुढच्या थंडीत देवराव गेला. घरीच. विलासचा फोन आला होता, माझ्याशी तो फार बोलत नाही, पण हे सांगायला केला. आई खाटेजवळच होती म्हणाला, तिनेच सगळं पाहिलं शेवटपर्यंत. एका थंडीचे त्यांचे दिवस मी खाल्ले, ते काही परत आले नाहीत. ते मेमोतही नव्हते.

वर्गात मी पोरापोरींना सांगतो, दंगा करणारा पेशंट अचानक शांत झाला तर आभार मानू नका, त्याला उठवून बघा. ‘अँक्झायटी’ लिहिण्याआधी सकाळी डोकं दुखत होतं का ते विचारा. आणि कोणी विचारलं की ऑक्सिजन कोणी वाढवला, तर तिथल्या तिथे सांगा. दरवर्षी एखादी मुलगी विचारते, सर, नंतर सांगितलं तर? मी म्हणतो, नंतरही सांगावंच लागतं. फक्त तोवर दुसरं कोणीतरी खाली पायरीवर बसलेलं असतं.